एका पंगतीतलं जेवण

सोनियाचं लग्न झालं त्या साली माण तालुक्यात पावसानं पाठ फिरवली आणि तिच्या आजोबांच्या, नानासोच्या, पायाची जखम भरेना. दहिवडीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, साखर निघाली. गोळ्या देऊन तो नानासोच्या बायकोला, धोंडुबाईला, म्हणाला, "मावशी, महागाचं काही आणू नका. कोंड्यासकट बाजरीची भाकरी, हुलगा, मटकी, पालेभाजी द्या. भात आणि गोड कमी करा."

धोंडुबाईला हसू आलं. मेंढरांमागं हिंडताना दोघांनी हेच तर खाल्लं होतं. मुलगा तानाजी, सोनियाचा बाप, मुंबईत कमवायला लागला तेव्हा कुठं घरात पांढरा तांदूळ नि बारीक दळलेला गहू आला. तिनं पुन्हा बाजरी काढली.

"आवं, नीट चावा. पळून जात न्हाई भाकरी."

"चावायला दात हायती का माज्या तोंडात?"

दिवाळीपर्यंत जखम सुकली. साखरही ठिकाणावर आली.

पण सोयरीक नवी होती. कोरेगावचे व्याही लालासाहेब सारखे यायचे, त्यांच्या निमित्तानं भावकीही जमायची. घरातला थोरला म्हणून नानासो पहिल्या पाटावर. एका पंगतीत दोन तऱ्हेचं वाढणं म्हणजे पाप; पाहुण्याच्या ताटात जे, तेच त्याच्या ताटात. पुरी, श्रीखंड, भात. पाहुणे गेले की तो तांब्यामागून तांबे पाणी प्यायचा. जखम पुन्हा ओली झाली.

"ह्यास्नी आधी आत जेवाय घालते," धोंडुबाई तानाजीला म्हणाली.

"थोरला मानूस पंगतीला न्हाई, म्हंजे व्याही काय समजतील? एका दिसानं काय हुतंय, आयं?"

"एक दिस, एक दिस करत पाय चाललाय त्यांचा."



पुढच्या खेपेला तिनं ठरवलं, सगळ्यांना एकच वाढायचं ना, मग एकच वाढू. सगळ्या ताटांत बाजरीची भाकरी आणि हुलग्याची उसळ पडली. नानासो मान खाली घालून मन लावून जेवू लागला.

लालासाहेबांनी उसळ बोटानं चाळवली. "तानाजीराव, आमच्याकडं हुलगा बैलाला घालत्यात. आमाला औताला जुपताय का काय?"

पंगत खदाखदा हसली. तानाजी ताडकन उठला. "माजी अब्रू काढलीस, आयं!" म्हणत तिच्या हातातलं भाकरीचं टोपलं त्यानं ओढून घेतलं आणि गाडीवरून जाऊन जिलेबी आणली.

नानासोनं पोराचं उतरलेलं तोंड पाहिलं. अर्धी भाकरी बाजूला सारून त्यानं हात पुढं केला. "आन रं हिकडं. लय दिवस झालं, गोड खावंसं वाटतंय."

जिलेबी त्याला तरुणपणापासून आवडत नव्हती, हे त्या घरात एकट्या धोंडुबाईला माहीत होतं.

त्या दिवसापासून त्यानं भाकरी मागितली नाही. "लोक बघत्यात. पोराचं नाक खाली नको जायला," एवढंच म्हणायचा. ती रोज भाकरी थापायची आणि एकटी खायची.

साताऱ्याच्या दवाखान्यात नानासोचा पाय गुडघ्याखाली कापला. लालासाहेब भेटायला आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन, आणि तानाजीनं तो बापाच्या उशाशी ठेवला. धोंडुबाईनं पाहुण्यादेखत तो उचलून खिडकीबाहेर भिरकावला.  

दोन हजार पंचवीस सालच्या माघात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, नानासो त्याच दवाखान्यात वारला.