तुमचा एक, माझे दोन

बँकेतल्या अधिकारीणबाईंनी अर्ज काचेखालून पुढे सरकवला आणि एका ओळीवर पेनाचं टोपण टेकवलं. ‘मयत खातेदाराच्या पतीचे नाव संयुक्त खात्यावर केवळ सोयीसाठी घालण्यात आले होते.’ खाली बायकोच्या पोरग्याची सही. ती सही पुटपुट्यांनी शंभर सह्यांतून काढून दाखवली असती. पोरगा अकरा वर्षांचा असताना त्यांनीच त्याला शेजारी बसवून शिकवली होती.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. खात्यावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ असं लिहिलेलं आहे, तेव्हा एरवी पैसे पुटपुट्यांनाच मिळाले असते. पण मयत बाईंच्या मुलाने हरकत घेतली, म्हणून खातं महिनाभर थांबवलं आहे. त्याने कोर्टाचा कागद आणला तर कोर्ट म्हणेल तसं. शिवाय खातं उघडतानाच्या अर्जात पुटपुट्यांचा व्यवसाय ‘रोखपाल’ लिहिलाय, आणि वकिलाने नेमकं त्यावर बोट ठेवलंय: म्हणजे हा माणूस दुकानाचा गल्ला सांभाळणारा, मालक नव्हे. दुकानाच्या कमाईत आपला हात होता असं दाखवणारं काही असेल तर घेऊन या, असं बाई म्हणाल्या.

पुटपुट्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पहिलाच शब्द दातांशी येऊन अडकला. मागच्या रांगेतल्या माणसाने मोठा सुस्कारा सोडला, तेव्हा त्यांनी अर्जाची नक्कल घडी करून खिशात घातली आणि ते बाहेर पडले.

सोय म्हणजे काय असते? पिण्याच्या पाण्याची सोय असते, बसायची सोय असते, संडासाची सोय असते. तेवीस वर्षं एका बाईच्या शेजारी बसलेल्या माणसाला सोय म्हणायला वकीलच लागतो, साध्यासुध्या माणसाला एवढं हलकं सुचत नाही. पैसे गेले तर म्हातारपणी पोटाला चिमटा बसणार, ते त्यांना कळत होतं. पण खिशातला कागद टोचत होता तो या एका शब्दाने.

पुटपुटे हे त्यांचं आडनाव नव्हे. गल्लीने ठेवलेलं नाव. रस्त्याने जाताना, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना त्यांचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. गल्लीचं निदान तयार होतं: बायको कमावते, हा घरी स्वयंपाक करतो, मग डोक्यावर परिणाम व्हायचाच. जी गल्ली चार पावलांवरच्या नळावर स्वतःचा तांब्या भरून घेत नाही, ती दुसऱ्याच्या डोक्याची तपासणी फुकट करते.

बायकोला सगळे मोटारबाई म्हणत. पहिला नवरा गेला तेव्हा त्याने मागे तीन गोष्टी ठेवल्या होत्या: भाड्याचं दुकान, लोकांच्या चौदा जळलेल्या विजेच्या मोटारी आणि अकरा वर्षांचा पोरगा. बाई त्या चौदा मोटारी उघडून उघडून शिकली. जळलेली तार काढायची, तांब्याची नवी तार साच्यावर गुंडाळून वेढे घ्यायचे, ते मोटारीच्या खाचांत बसवायचे. याला मोटार भरणं म्हणतात. वेढे चार कमी पडले तरी मोटार कुरकुरते.

पुटपुटे तेव्हा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखान्याचा पंखा घेऊन ते दुकानात आले. त्याच महिन्यात तोच पंखा घेऊन आणखी तीनदा आले. चौथ्या वेळी बाईने पंखा उघडला, फिरवून पाहिला, बंद केला.

“पंख्याला काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला काय झालंय ते सांगा.”

त्यांना सांगता येईना. जीभ जन्मापासून अडखळणारी, त्यात हा प्रश्न. शेवटी त्यांनी मागच्या पावतीच्या पाठीवर चार ओळी लिहून दिल्या. बाईने वाचल्या, हाताचं तेल पुसलं, पुन्हा वाचल्या आणि पोरग्याला विचारून सांगते म्हणाली. पोरग्याने दोन दिवस विचार केला आणि ‘काका म्हणेन, बाबा नाही’ या अटीवर परवानगी दिली. ती अट दोन्ही बाजूंनी आजवर पाळली गेली.

वर्षभराने छापखाना बंद पडला. पुटपुटे घरी बसले ते बसलेच. घर त्यांनी हातात घेतलं आणि बाईने दुकान. आणि संध्याकाळी, दुकान मिटल्यावर, मागच्या खोलीत दोघं मिळून तार गुंडाळायची. बाई साच्याचं हँडल फिरवायची आणि फिरवताना तिचं तोंड चालू असायचं. उधारीवाले, वीज मंडळ, शेजारीण, सगळ्यांची सालटी काढत ती फिरवायची आणि शंभराच्या आसपास हमखास आकडा विसरायची. म्हणून पुटपुट्यांनी मोजायचं. एरवी दगा देणारी त्यांची जीभ आकड्यांवर मात्र कधी अडखळली नाही, फक्त सावकाश चालायची. बाईचा हात त्या चालीच्या दुप्पट. थांबणं तिच्या रक्तात नव्हतं.

“तुम्ही तुमच्या चालीने म्हणा,” ती म्हणाली. “तुमचा एक, माझे दोन.”

झालं. दोन वेढ्यांना एक आकडा. वेढ्यांची कॉइल पुरी झाली की पुटपुटे छापखान्यातल्या नीटस अक्षरात वहीत लिहायचे: मोटार कुठली, तार किती जाडीची, आकडा किती. आकडा त्यांचा. दुपटीचं काय लिहायचं? दोघांनाही माहीत होतं. दिवसा त्यांचे ओठ हलायचे ते याचमुळे. संध्याकाळची चाल सुटू नये म्हणून ते दिवसभर आकडे घोळवत असायचे.

संयुक्त खातं उघडायला दोघं बँकेत गेली तेव्हा कारकुनाने विचारलं होतं, हे काय करतात. “मोजतात,” बाई म्हणाली. कारकुनाने ‘रोखपाल’ लिहिलं. घरी येईपर्यंत ती हसत होती. आता त्याच शब्दाला वकील लोंबकळत होता.

बाई जाऊन दोन महिने झाले होते. दुकानाचा गाळा विकायला निघाला होता, मालकाने पोरग्याला महिन्याची मुदत दिली होती. पोरगा आता चौतिशीचा, पंप बसवण्यात तरबेज, सगळा वेळ बाहेरच्या कामावर. तार मात्र आईने कधी त्याच्या हातात दिली नव्हती. तो घरी आला, उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, “काका, आईचे पैसे द्या, गाळा घ्यायचाय.”

पुटपुटे त्याच क्षणी देऊन मोकळे झाले असते. त्यांना फक्त एक शब्द दुरुस्त करायचा होता. आईचे नाही, आमचे. जन्मभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासलेला माणूस, चूक दिसली की त्याचा हात थांबतो. ‘आ’ निघाला, पुढचं निघालं नाही. पोरगा मिनिटभर वाट पाहत राहिला आणि त्या गप्प बसण्याचा त्याने स्वतःला हवा तो अर्थ लावला. चहाच्या टपरीवर अर्थ लावायला मदत करणारे चारजण होतेच. आईचा घाम आणि पुटपुट्याचं पासबुक, असं त्यातला एकजण म्हणाल्याचं पुटपुट्यांच्याही कानावर आलं.

हरकत दाखल झाली. पण दुपारी एक वाजता तीन कप्प्यांचा डबा दुकानात जायचा थांबला नाही. पुटपुटे डबा बाकावर ठेवून न बोलता परत यायचे आणि संध्याकाळी पोरगा धुतलेला डबा दाराच्या कडीला अडकवून न बोलता जायचा. मीठ जास्त झालं तर झाकणात चिठ्ठी असायची: ‘मीठ.’ एवढंच. भांडण बँकेत होतं, जेवणाशी त्याचा संबंध नव्हता.

मग एका संध्याकाळी डबा कडीला अडकवलेला मिळाला तो जड लागला. उघडला तर तिन्ही कप्पे भरलेले. चिठ्ठी नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी पुटपुटे डबा घेऊन दुकानात गेले ते परत फिरले नाहीत.

दुकानात करपलेल्या वार्निशचा वास कोंडला होता. बाकावर तीन मोटारी काळ्या पडून पसरलेल्या, फळीवर सूतगिरणीची मोठी मोटार उघडी. पोरगा खाली फरशीवर बसलेला, पुढ्यात वही.

तीन मोटारी आईच्या वहीबरहुकूम भरल्या, तो काकांकडे न बघता सांगत गेला. तार तीच, साचा तोच, आकडा तोच. बटण दाबलं की घोंघावते आणि दोन मिनिटांत धूर. खाचा अर्ध्या रिकाम्या दिसत होत्या, तर मला वाटलं माझा हात आईपेक्षा घट्ट बसला. एका गिऱ्हाइकाने काल शिव्या घातल्या. सूतगिरणीवाला उद्या मोटार उचलून दुसरीकडे नेणार आहे. तो गेला की गाळा घेऊन तरी काय करू, त्यात बसून पंख्यांना तेल घालू?

पुटपुट्यांनी वहीवर नजर टाकली. अडुसष्ट. स्वतःचंच अक्षर. एका नजरेत त्यांना सगळं कळलं आणि इथे त्यांच्या मनात जे आलं ते लपवण्यात अर्थ नाही. आधी हरकत मागे घे, मग सांगतो. एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. कागद त्यांच्या खिशातच होता. त्यांनी तो काढला, उलगडला आणि पोरग्याच्या पुढ्यात वहीवर ठेवला.

“हा शब्द कुणाचा?” त्यांनी विचारलं. शब्द अडखळत आला, पण आला.

“वकिलाने लिहिला.”

“सही?”

पोरग्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अकराव्या वर्षी खोटं पकडलं गेलं की व्हायच्या तशाच.

“माझी,” तो म्हणाला.

“सोय नव्हतो मी,” पुटपुटे म्हणाले. मग त्यांनी डबा उघडून त्याच्यासमोर मांडला. “आधी जेव. उपाशी हात सैल पडतो.”

पोरगा मान खाली घालून जेवला. पुटपुट्यांनी तोवर शर्टाच्या बाह्या वर केल्या, साचा यंत्रावर चढवला, तारेचं टोक खाचेत अडकवलं आणि शेजारच्या स्टुलावर बसले. बाईच्या डाव्या हाताला ते जिथे बसायचे, तिथेच. फिरव, अशी त्यांनी खूण केली. पोरग्याने हँडल एकदा फिरवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. पुटपुटे गप्प. दुसऱ्यांदा फिरवलं.

“एक,” पुटपुटे म्हणाले.

पोरग्याचा हात थांबला. त्याने हँडलकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, जळालेल्या तिन्ही मोटारींकडे पाहिलं. लहानपणी शेजारच्या खोलीत अभ्यास करताना भिंतीपलीकडून हा आवाज त्याने रोज ऐकला होता. संथ, एका लयीत, मधेमधे आईच्या शिव्या. त्या आवाजावर तो झोपला होता. आकडे त्याला कळत होते, पण एका आकड्यामागे हँडल दोनदा फिरतंय हे भिंतीपलीकडून कसं दिसणार?

“म्हणजे एकशे छत्तीस,” तो म्हणाला.

“तिचे एकशे छत्तीस,” पुटपुटे म्हणाले. “माझे अडुसष्ट. चालू दे.”

मोटार भरून, वार्निश सुकवून दुसऱ्या दिवशी दुपारी जोडली. बटण पोरग्याने दाबलं, डोळे मिटून. मोटार न कुरकुरता फिरायला लागली. पोरगा तिच्या अंगावर हात ठेवून दहा मिनिटं उभा राहिला, तापते का बघत, आणि मग बराच वेळ त्याने हात काढलाच नाही. वही आईची म्हणून तो दोन महिने उशाशी घेऊन झोपत होता, असं तो मोटारीकडे तोंड करूनच म्हणाला. अक्षर कुणाचं हे त्याला माहीत होतं. त्याला वाटायचं, आई सांगायची आणि काका उतरवून घ्यायचे.

सोमवारी दोघं बँकेत गेले. हरकत मागे घेण्याच्या अर्जात कारणासाठी एकच ओळ होती. पोरग्याने पेन चावलं आणि लिहिलं: ‘नाव सोयीसाठी नव्हते. यांच्याशिवाय आईची एकही मोटार फिरली नसती.’ दुसरं वाक्य ओळीबाहेर समासात गेलं. पुटपुट्यांनी त्याच्या हातातून पेन घेऊन ‘आईची’च्या जागी ‘आमची’ केलं आणि पोरग्याला शेजारी आद्याक्षरी करायला लावली.

“गाळ्याचं?” पोरग्याने हळूच विचारलं.

“आमच्या पैशांतून घ्यायचा,” पुटपुटे म्हणाले. तो शब्द या वेळी अजिबात अडखळला नाही.

अधिकारीणबाईंनी शिक्का मारला. बाईंचं नाव आता खात्यावरून कमी होईल, त्या म्हणाल्या, तर तिथे मुलाचं घालायचं का, तुम्हाला सोयीचं पडेल. दोघांनी एकाच वेळी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी शिक्का खाली ठेवला.

“घालू,” पुटपुटे म्हणाले. “आधी माझ्यासमोर पन्नास मोटारी भरू दे.”

पोरग्याने पासबुक उचलून त्यांच्या हातात दिलं.

“काका, पन्नास तुमच्या हिशेबाने की आईच्या?”

पुटपुटे दाराकडे निघाले होते, आणि त्यांचे ओठ हलायला लागले होते.