बोळक्याच्या पोटातला खडा

मी खडा बोलतोय. होय, ज्याच्यामुळे शिंपीकाकांच्या घरात कुणाला घास गोड लागेना, तोच मी.

डोंगरातून फुटलो, नदीत गुळगुळीत झालो आणि पोत्यात भरून एका दुकानात पोहोचलो. तिथून काकांनी आम्हाला उचललं. त्यांच्या शिलाई मशीनशेजारी काचेच्या टाकीत बोळक्या राहायचा. पाण्यातला सॅलमँडर तो, बेडकाच्या गणगोतातला: चार इवलेसे पाय, मानेशी पिसांसारखे कल्ले आणि कायम हसरं तोंड. टाकीचा तळ ओकाबोका दिसतो म्हणून काकांनी आम्हाला आत पसरलं.

"अहो, तो काय पाहुणा आलाय, एवढं सजवताय?" काकू म्हणाल्याही. पण काकांना हौस भारी.

बोळक्या चावत-बिवत नाही. समोर काही हललं की आ वासतो आणि पाण्यासकट आत ओढतो. एकदा गांडूळ नेमकं माझ्या अंगावर पडलं. ते गेलं, मागोमाग मीही.

आत मी अडकलो, बाहेर तो फुगला. त्याने खाणं सोडलं, मग पाण्यावर वेडावाकडा तरंगायला लागला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. माझा पहिलावहिला फोटो! मी छान आलो होतो, पण कौतुक कुणी केलं नाही.

"ऑपरेशन झेपेलसं वाटत नाही," बाई म्हणाल्या. "आधी थंडाव्यात ठेवून बघू, कधीकधी खडा आपसूक बाहेर पडतो. डब्यात स्वच्छ गार पाणी, झाकणाला भोकं, आणि डबा फ्रिजमध्ये. पाणी रोज बदला. खायला काही देऊ नका."

"माझ्या फ्रिजमध्ये? दुधाशेजारी?" घरी काकूंनी कमरेवर हात ठेवले. काका नुसते डबा धरून उभे राहिले. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दूध खालच्या कप्प्यात सरकवलं.

"आणा इकडे. आणि उगाच मनाला लावून घेऊ नका."

थंडी अशी की मीसुद्धा काकडलो. बोळक्याच्या काळजाचे ठोके अगदी सावकाश यायचे. पुढचा येईल की नाही, याची मला धास्ती. त्याचा आजार मीच झालो म्हणून काय झालं, मला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. काका सारखे फ्रिज उघडून डोकवायचे.

"तुमच्या डोकावण्यानेच गरम होईल तो!" काकू ओरडायच्या.

एका सकाळी पाणी बदलताना काकूच किंचाळल्या, "अहो, पडला! खडा पडला!"

काका गळ्यातल्या टेपसकट धावले. घाणीने माखलेल्या मला त्यांनी तळहातावर घेतलं आणि ढसाढसा रडले. इतक्या मानाने मला कधी कुणी उचललं नव्हतं.

माझे भाऊबंद त्याच दिवशी कुंडीत गेले. मला मात्र काकांनी धुऊनपुसून, आठवण म्हणून टाकीला बाहेरून खेटून ठेवलंय. पंचाईत तिथेच झालीय. मशीन सुरू झालं की मी थरथरतो, आणि मी हललो की बोळक्या आ वासून काचेवर धडकतो. एवढं सोसलं, तरी अक्कल म्हणून नाही त्याला!

अहो काका, मलाही कुंडीत टाका. माझी आठवण नाही राहिली तरी चालेल. तो राहू दे.