सातारचा चपान

उपेलला नवरा गेल्याचं दुःख होतं, पण दुःखाला निदान रीतभात असते. लोक येतात, गळ्यात पडून रडतात, चहा पितात, जातात. या मोयनोक कुत्र्याला कसली रीत? मेंढ्या गोठ्यात शिरल्या रे शिरल्या की हा बाप्या तडक ओढ्यापलीकडे, शार्शेनच्या अंगणात. रात्रभर तिथे पडून राहायचा आणि इकडे कळप रामभरोसे. मागच्याच आठवड्यात लांडगा गाभण मेंढी घेऊन गेला. आता वरच्या कुरणावर जायचे दिवस तोंडावर आले होते, आणि कुत्र्याशिवाय वर चढणं म्हणजे कळप लांडग्यांना आंदण देणं.

"बांधून ठेव की त्याला," मुलगा एर्मेक म्हणाला.

"बांधला होता! दोर कुरतडून गेला. साखळी घातली तर खुंटा उपटून साखळीसकट गेला. तुझ्या बापाचाच कुत्रा ना!"

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. उपेलचा नवरा सातार भरल्या वयात गेला, म्हणून त्याचे कपडे आशीर्वाद म्हणून लोकांना वाटले होते. उपेल टापटिपीची. तिने एकूण एक कपडा धुऊन, घड्या घालून दिला. तबेल्यातल्या खुंटीवरचा जुना चपान, त्याचा रोजचा लांब जाड डगला, तेवढा राहिला. त्याच्या हाताखाली मेंढ्या राखणारा शार्शेन तो तसाच अंगात घालून गेला, घोड्याचा घाम, चरबी आणि तंबाखू सगळ्यासकट. मोयनोकच्या लेखी सातार मेलाच नव्हता. तो फक्त ओढ्यापलीकडे राहायला गेला होता.

एकदा तर वैतागून तिने कुत्र्याला घरात ओढलं. कुत्रा उंबऱ्याच्या आत घ्यायचा नसतो, पण तिचं डोकंच फिरलं होतं. भिंतीवरचा सातारचा फोटो काढून तिने त्याच्यासमोर धरला.

"हा बघ तुझा धनी! ओळखतोस का, गाढवा?"

मोयनोकने काच हुंगली, शिंकला आणि दाराकडे वळला. ज्या फोटोसमोर ती रोज रडायची, त्यावर हा शिंकला! उपेलच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच शार्शेनकडे गेली.

"वहिनी, चपान परत नेता का?" त्याने चाचरत विचारलं.

"दिलेला आशीर्वाद परत मागून गावात तोंड कसं दाखवू? तू काहीही कर रे बाबा, पण माझा कुत्रा घरी धाड."

"बघतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी मोयनोक नेहमीप्रमाणे गेला आणि अंधार पडायच्या आत परतला. पुढच्या संध्याकाळी तर ओढ्यापर्यंतच गेला, जरा वेळ उभा राहिला आणि येऊन गोठ्याच्या दाराशी आडवा झाला.

"आली एकदाची अक्कल!" उपेलने त्याला भलं मोठं हाडूक टाकलं.

मग ती ताजी रोटी घेऊन शार्शेनचे आभार मानायला गेली. अंगणात दोरीवर चपान वाळत होता. बटण ढिलं झालंय असं म्हणत तिने तो हातात घेतला, आणि शार्शेनची पाठ वळताच कॉलरमध्ये तोंड खुपसलं. साबण. बाहीत, काखेत, अस्तरात, सगळीकडे नुसता साबण.

"हा धुवायला कुणी सांगितला होता तुला?" ती किंचाळलीच.

शार्शेन गोंधळला. "तुम्हीच म्हणालात ना वहिनी, काहीही कर... बायकोने गरम पाण्यात दोनदा धुतला. कुत्रा आला ना घरी?"

"आला," उपेल म्हणाली. रोटी तिथेच ठेवून ती निघाली. रस्ताभर ती शार्शेनला शिव्या घालत होती, त्याच्या बायकोला, कुत्र्याला, आणि बाकीचे कपडे धुणाऱ्या स्वतःलाही.

घरी ती फोटोकडे गेली नाही. गोठ्याच्या दाराशी जमिनीवरच बसली. मोयनोक उठला. त्याने तिचे तळवे हुंगले, बोटांच्या बेचक्या हुंगल्या, बाही हुंगली, पुन्हा तळवे हुंगले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"नाही रे," ती म्हणाली, "माझ्याकडेही नाही."