दांड्यावरचे हात

नाकाडोंगरीच्या तलावाचा चौकीदार अंकुश पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जखमी सापडला, तेव्हा शेजारी पडलेली कुऱ्हाड रुखमिणीने लांबूनच ओळखली. ती तिच्याच घरची होती. लाकडांच्या ढिगाजवळून कुणी उचलून नेली, कळलंच नव्हतं. अंकुश वाचला, पण वार मागून झाल्याने मारणारा त्याला दिसला नव्हता. आदल्या दिवशी मासोळ्यांवरून त्याची रुखमिणीच्या मुलाशी, हेमराजशी, कडाक्याची भांडणं झाली होती. पोलिसांनी हेमराजला उचललं.

"माय, मी त्या कुऱ्हाडीले हातबी नाही लावला," जाताना तो म्हणाला.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. दांड्यावर दोन माणसांचा डीएनए मिसळलेला होता, आणि त्यातला एक परक्या कुणाचा नसून हेमराजचा, ही बाजू लाखो पटींनी भारी ठरली होती. गावातले लोक म्हणू लागले, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. हेमराजचा बाप टिकाराम मान खाली घालून फिरू लागला.

"पोराले भेटाले चला ना जी," रुखमिणी विनवायची.

"कायले? मशीन का खोटं बोलते?"

ती एकटीच एसटीने भंडाऱ्याच्या तुरुंगात जायची. जाळीपलीकडून हेमराज आधी तिच्या पाठीमागे बघायचा, बाप आला का म्हणून. ते बघणं तिला सोसवत नसे.

हेमराजच्या वकीलबाईंनी अहवाल उर्वशी मॅडमना दाखवला. डीएनएचा हिशेब तपासणं हेच त्यांचं काम. त्यांनी रुखमिणीला विचारलं, "घरी ही कुऱ्हाड कोण वापरतं?"

"आमी दोघंच. हे लाकडं फोडतेत. थकले का मी फोडतो."

मॅडमनी अहवालातले आकडे पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "मला तुम्हा दोघांचे नमुने हवेत."

टिकाराम तयार होईना. तेव्हा रुखमिणी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली, "मशीनवर एवढा इस्वास हाये ना? मंग सोता उभे राहा तिच्यापुढं!"

तो निमूट उठला.

कोर्टात उर्वशी मॅडमनी सोप्या शब्दांत सांगितलं. "मुलाचा अर्धा डीएनए आईकडून येतो, अर्धा बापाकडून. दोघांचे हात एकाच दांड्याला लागले, की मुलाच्या सगळ्या खुणा त्या मिश्रणात आपसूक दिसतात. त्याने हात लावलेला नसला तरी. पहिल्या हिशेबात हेमराजच्या जागी फक्त परका माणूस धरून पाहिला होता. आई-बाप धरून पाहिले, तर हे मिश्रण त्या दोघांशी कितीतरी जास्त जुळतं."

"म्हणजे हेमराजने कुऱ्हाड धरलीच नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही, साहेब. मारणाऱ्याने हाताला दुपट्टा गुंडाळला असेल, तर त्याची खूण राहणारच नाही. तो कोण, हे हा दांडा सांगत नाही."

रुखमिणीने आपल्या घट्टे पडलेल्या हातांकडे पाहिलं. या हातांनीच लेकराले आत टाकलं, असं वाटून तिला रडू फुटलं. टिकाराम भिंतीकडे तोंड करून उभा होता.

दुसरा पुरावा नव्हता. हेमराजला जामीन मिळाला.

तुरुंगातून त्याला घरी न्यायला टिकारामही आला होता. हेमराज पाया पडला, तसा तो कसाबसा बोलला, "मी तुह्यावर इस्वास नाही ठेवला रे."

हेमराज उठून एसटीकडे चालू लागला. एसटीत तो खिडकीशी जाऊन बसला. टिकाराम त्याच्या सीटजवळ दांडी धरून उभाच राहिला, बसायचं धाडस होईना. गावाकडे नेणारा तुमसरचा रस्ता लागला. हेमराजने बाहेर बघतच थोडं सरकून जागा केली.