रायफलीच्या तोंडचा घास

घरात काही फुटलं की "कसं फुटलं?" हे आपण मागाहून विचारतो. आधी विचारतो, "कोणामुळं फुटलं?" मग तो काचेचा पेला असो नाहीतर रायफल.

दिंडोरीजवळच्या चतुराबाईंच्या घरी रायफलच फुटली होती. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर त्यांच्या रविराजला हुरूप आला. वडिलांची रायफल त्यानं अंगणात आणली, हवेत बार काढला, आणि नळी मधोमध फाटली. डाव्या तळहाताला टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरची माणसं ओट्यावर जमली. पोलीस पंचनाम्याला यायचे होते, म्हणून रायफल पडली तिथंच पोत्याखाली झाकलेली होती. चतुराबाईंचे धाकटे दीर रंगनाथ यांनी मात्र आपला पंचनामा उरकून टाकला होता.

"नवमीला सून बाजूला बसलेली होती. अन् पूजेच्या खोलीच्या दारात उभी! शस्त्राला विटाळ खपत नाय. गाडी काढा, सटाण्याला तिच्या बापाकडं सोडून या."

"किती दिवस?" रविराजनं खाली बघतच विचारलं.

"दिवस कसले मोजतो? हात गेला असता तुझा!"

सून उज्वला आतून हे ऐकत होती. तिनं पिशवीत दोन साड्या भरल्या. तिसरी भरावी की नाही, हे तिला कोणी सांगत नव्हतं.

चतुराबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. नवमीला काय झालं होतं, ते त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांच्या घरी खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार, फवारणीच्या पंपाला कुंकू आणि रायफलीला घास असायचा. गूळखोबऱ्याचा घट्ट गोळा नळीच्या तोंडातून काडीनं खोल आत सारायचा. वर्षभर राखण करते, तिला उपाशी कशी ठेवायची? सासूबाईंपासूनची ही रीत. चतुराबाईंचे यजमान वाल्मीकराव होते तोवर पूजा उतरली की ते लांब गज घालून नळी लख्ख करायचे. ते गेले. घास राहिला, गज माळ्यावर गेला. त्यांच्यानंतर रायफल नुसती पुजली जायची, बार कोणी काढला नव्हता.

यंदा उज्वला दारातूनच सासूला म्हणाली होती, "आत्याबाई, नळीत मुंग्यांची रांग चालू राहिली. गज घालून पुसून काढू का?"

"शिवू नको! तुझे दिवस कोणते, कळत नाय का? मुंग्या आल्या म्हंजी देवी जेवली."

तेवढ्यात फाटकातून महेबूबभाई आले. वाल्मीकरावांचे जुने दोस्त, सैन्यात शस्त्रागार सांभाळून निवृत्त झालेले. रविराजचा हात बघून ते आधी त्यालाच बोलले. "हवेत बार काढायची काय हौस रे? वर गेलेली गोळी खाली येतेच. कोणाच्या पोराच्या डोक्यात आली असती म्हंजी?"

मग त्यांनी पोतं उचललं आणि हात न लावता उकिडवे बसून नळी न्याहाळली.

"बघण्यासारखं काय हाय त्यात?" रंगनाथ म्हणाले. "विटाळ झाला अन् फुटली."

"रंगनाथराव, रायफल फुटायची कारणं ठरलेली असतात. काडतूस चुकीच्या मापाचं, नाहीतर घरी भरताना दारू जास्त झालेली. नळी गंजलेली, मागचं तोंड बंद करणारा बोल्ट नीट न बसलेला. नाहीतर मग नळीतच काहीतरी अडकलेलं. गोळीला वाट मिळाली नाय, की मागचा दाब नळी फाडून बाहेर पडतो. यात बाईची पाळी कुठं बसते, तेवढं दाखवा."

"तुम्हाला आमच्या देवधर्मातलं काय कळणार?"

"देवाचं तुम्हीच बोला. मी लोखंडाचं बोलू राहिलो. लोखंडाला दाब कळतो, विटाळ कळत नाय." ते पुन्हा वाकले. "वहिनी, करपलेल्या गुळाचा वास कसा येऊ राहिला हो?"

उज्वला पिशवी घेऊन उंबऱ्यात येऊन उभी होती. चतुराबाईंनी तिच्याकडं पाहिलं. गप्प राहिलं तर गाडी निघणार होती!

"मी भरवला घास!" त्या एकदम म्हणाल्या. "दरसाल मीच भरवते. अन् या पोरीनं सांगितलं होतं, मुंग्या जाऊ राहिल्या, पुसते. मी म्हणलं, शिवू नको. ती शिवली असती तर रविराज, तुझा हात शाबूत राहिला असता रे!"



"पण वहिनी, रीत..." रंगनाथ पुटपुटले.

"गज घालायची पण रीतच होती, भाऊजी. ती कोणी पाळली?"

रविराज उठला आणि उजव्या हातानं उज्वलाची पिशवी घेऊ लागला. तिनं ती लगेच सोडली नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी विचारत बसणार नाही."

"नको विचारू," चतुराबाई म्हणाल्या.

रायफल पोलिसांनी नेली. हवेत बार काढल्याबद्दल रविराजवर गुन्हा दाखल झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पुढच्या खंडेनवमीला उज्वलाचे नेमके तेच दिवस आले. तिनं सांगितलं, तेव्हा चतुराबाईंनी पूजेचं ताट तिच्याच हातात दिलं. रंगनाथ मोठ्यानं खोकले. चतुराबाईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

वाचकहो, आपल्या घरातही पुष्कळ काही फुटतं. संसार फुटतात, धंदे बुडतात, माणसं आजारी पडतात, आणि आपलं बोट घरातल्या सर्वांत गप्प माणसाकडं वळतं. ते वळायच्या आत एकदा नळीत डोकावून बघा. घास बहुतेक आपल्याच हातचा असतो.