आत्याच्या उंबऱ्यात अडकलेली बाबागाडी

मी बाबागाडी बोलतेय. हल्ली छत्रीसारख्या मिटतात ना, त्यातली मी नाही. माझी चाकं मोठी, तारांची. टप काळा, पोट निळं, आणि खाली स्प्रिंगा अशा की आतल्या पोराला आपण होडीत निजलोय असंच वाटावं. आमच्या स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावात सगळे रस्ते चढाचे नाहीतर उताराचे. म्हणून मला दुकानाबाहेर उभी केलीत तर ब्रेक लावलाय ना, हे दोनदा बघा. मलाच मेली सारखी धाकधूक असते.

मला घरात आणलं ते मरडोसाठी. त्याचे वडील गोदीत जहाजं बांधायचे. मागोमाग त्याची बहीण इश्बेल झाली. तेव्हा मरडोला चढ चढता येईना, मग त्यांच्या आईनं एकाला माझ्या या टोकाला बसवलं न् दुसरीला त्या टोकाला निजवलं. रस्ताभर लाथाळी! मरडो तिचं टोपडं ओढायचा, ती त्याच्या पोटात पाय मारायची. पण एकाला उचलून बाहेर काढलं की दुसरा भोकाड पसरायचा.

पुढं मरडोची मुलगी मोरवेन माझ्यातच वाढली. मग मात्र माझी रवानगी अंगणातल्या शेडमध्ये झाली. रंगाचे डबे, मोडकी खुर्ची आणि मी. टपात कोळ्यांनी संसार थाटले. पाऊस पत्र्यावर वाजत राही आणि मी आपली वाट बघत राही.

मग सार्वमताचा उन्हाळा आला. स्कॉटलंडनं वेगळा देश व्हायचं का? हो की नाही? मरडो पक्का 'हो'वाला. त्यानं मला पुसली, चाकांना तेल घातलं आणि माझ्यात पत्रकांचे गठ्ठे भरले. म्हटलं, बाळ नसेना का, बाहेरचं ऊन तर दिसलं!

इश्बेल राहायची चढाच्या वरच्या टोकाला. ती तेवढीच पक्की 'नाही'वाली. मरडो रोज धापा टाकत मला तिच्या दाराशी न्यायचा आणि पत्रक आत सरकवायचा. ती ते फाडून परत माझ्यातच टाकायची. "कचऱ्याची गाडी आली वाटतं!" म्हणायची. मग दोघं आत जाऊन चहा प्यायची आणि इतकी भांडायची की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.

निकाल लागला. 'नाही' जिंकलं. आमच्या भागात तर अगदी थोडक्यात. दुसऱ्या दिवशी इश्बेल केक घेऊन भावाकडं आली. समजूत काढायलाच आली होती हो. पण मरडोला वाटलं, ही जिंकल्याचा केक वाटतेय.

"माझ्या पोरीचं भविष्य विकलंस आणि वर केक खातेस?"

"अरे गधड्या, तुझ्यासाठी आणलाय!"

"तुझ्या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाय ठेवणार नाही मी!"

झालं. एकाच चढाच्या दोन टोकांना दोघं, आणि बोलणं बंद. मी पुन्हा शेडमध्ये. वर्षं गेली. मधे मोरवेनची आई वारली. इश्बेल चर्चमध्ये आली, मागच्या बाकावर बसली आणि तशीच उठून गेली. टीव्हीवर पुन्हा दुसऱ्या सार्वमताची चर्चा सुरू झाली की मरडो टीव्हीवर ओरडायचा. उत्तर द्यायला समोर कुणीच नसायचं.

अशात मोरवेनला दिवस गेले. नवरा केनी बोटीवर नोकरीला, म्हणून ती बापाकडंच राहत होती. पोर फार घाबरलेली. दिवसातून किती वेळा पोटावर हात ठेवून बसायची, बाळ हललं की सोडायची श्वास.

एकदा शेडच्या दाराशीच बापलेकीचं चाललं होतं.

"बाबा, बाळंतपणाला मला आत्या हवीय."

"दवाखान्यात नर्स असतात की."

"नर्सच्या गळ्यात पडून रडता येतं का? आई असती तर तुम्हाला म्हटलंच नसतं."

मरडो खिळे उगाच इकडच्या डब्यातून तिकडच्या डब्यात टाकत राहिला. तेवढ्यात मोरवेनची नजर माझ्यावर गेली आणि ती किंचाळलीच. "ही इथं? बाळ यायच्या आधी रिकामी बाबागाडी आपल्या घरी? आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!"

आमच्याकडं हा अपशकुन धरतात. गाडी दुसऱ्याच्या घरी ठेवायची आणि बाळ झाल्यावर आणायची. पण मला ठेवणार कुठं? ओळखीचे सगळे जिने चढून वर राहणारे. तळमजल्यावर ऐसपैस जागा होती ती फक्त आत्याकडं. मोरवेन खरंच घाबरली होती की आणखी काही तिच्या डोक्यात होतं, मला आजही सांगता येत नाही.

मरडोनं मला वर ढकलत नेली, घंटा वाजवली आणि उताराला लागला. इश्बेलनं दार उघडलं, मला बघितलं, मग रस्त्यावरची ती पाठमोरी टोपी बघितली. "पळ, पळ!" ती ओरडली. "पाठ फिरवून पळायला लाज नाही ती नाहीच!" पण मला आत घेताना तिनं माझा टप असा काही पुसला, की जणू तापलेल्या पोराचं कपाळच.

मग मरडोला माझ्या चाकांची काळजी लागली. दर दोन दिवसांनी तेलाचा डबा घेऊन हजर! पाय मात्र उंबऱ्याबाहेर. इश्बेल मला अर्धी आत, अर्धी बाहेर अशी उंबऱ्यात उभी करायची. तो पावसात बसून तेल घालायचा, ती आतून नवी गादी शिवायची. बोलायची दोघंही, पण माझ्याशीच.

"गाडे, सांग त्याला, चहा निवतोय."

"गाडे, सांग तिला, साखर कमी पडलीय."

एक दिवस एक तरुण मुलगी भिजत दाराशी आली. जनमताची पाहणी करत होती. म्हणाली, "देश वेगळा व्हावा का, ते नाही विचारत. त्यासाठी पुन्हा सार्वमत घ्यावं का, एवढंच सांगा."

"घ्यावं!" इश्बेल म्हणाली.

"नको!" मरडो म्हणाला.

दोघं एकमेकांकडं बघतच राहिली. मुलगीही गोंधळली. तिनं मरडोच्या कोटावरचा 'हो'चा बिल्ला पाहिला होता ना!

"नको? तू नको म्हणतोस?" इश्बेल सुईदोरा टाकून उभी राहिली.

"आत्ता घेतलं तर हरू. पुन्हा हरलो तर माझ्या हयातीत कोणी नाव काढणार नाही. थोडं थांबायला हवं. पण तू? तू तर नाहीवाली!"

"मी नाहीच म्हणणार! शंभरदा विचारा, नाहीच. पण विचारू तर द्या."

"का म्हणून?"

इश्बेलनं माझ्या टपाची शिवण उगाच चाचपली. "त्या उन्हाळ्यात तू रोज यायचास," ती म्हणाली. "भांडायला का होईना."

पाऊस पडत होता. मुलगी हळूच म्हणाली, "ताई, माझ्याकडं हो, नाही आणि सांगता येत नाही, एवढंच आहे."

"भाऊ गाढव आहे, असं लिहायला जागा नाही का गं?"

मरडो फिस्सकन हसला. हसू लपवायला त्यानं तेलाचा डबा तोंडाशी धरला आणि मिशीला तेल लागलं. त्याच वेळी आत फोन वाजला.

इश्बेलनं उचलला. तिचा चेहराच बदलला. "मोरवेन! कळा सुरू झाल्यात. मरडो, तुझ्याशी बोलायचंय तिला." फोनची वायर दारापर्यंत पोचेना. मरडोनं मला बाजूला ढकललं आणि चिखलाच्या बुटांनिशी थेट आत गेला. उंबरा कधी ओलांडला, त्याला कळलंसुद्धा नाही. मला कळलं. माझ्या चाकालाच त्याचा गुडघा लागला.

फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा, आत्याला घेऊन या. भांडत आलात तरी चालेल."

"निघालोच, बाळा. दोघंही निघालोच."

मोरवेनला मुलगी झाली. इश्बेल पूर्ण वेळ मोरवेनजवळ होती, आणि मरडो बाहेर, बहिणीची पर्स मांडीवर धरून. बाळ घरी आल्यावर दोघांनी मिळून मला खाली आणली. मरडो पुढून थोपवत होता, इश्बेल मागून धरत होती, आणि ब्रेक कोण लावणार यावर उतारभर वाद.

आता रोज दुपारी आम्ही क्लाइड नदीच्या काठानं फिरायला जातो. लोक थांबतात, रीतीप्रमाणे बाळाच्या उशाशी चांदीचं नाणं ठेवतात आणि निघता निघता विचारतात, "काय मग, होणार का पुन्हा सार्वमत?" लागलीच दोघं सुरू! मरडो म्हणतो थांबा, इश्बेल म्हणते घ्या, आणि माझ्या दांडीवरचा हात कोणी काढत नाही.

मी आता म्हातारी झालेय, एक स्प्रिंग कुरकुरते. देश कुणाचा कसा व्हावा, ते तुम्ही माणसं ठरवा. खुशाल वाद घाला. फक्त जरा हळू बोला हो, पोर आत्ताच कुठं झोपलंय.