सहाणेवरचा मांडव

शिमग्याची पालखी देवीच्या मुक्कामाच्या चौथऱ्यावर, सहाणेवर बसली होती आणि रामजीच्या बागेत आंबा गळत होता. सुपारीएवढी फळं देठ वाळून पडत होती. चाळीस कलमांचा विमा उतरलेला होता, पण विम्यासाठी बाग बघायला कोणी येत नाही. सहाणेशेजारी कुंपणात उभं असलेलं हवामानाचं यंत्र सांगेल ते खरं. सलग तीन दिवस पारा सदतीसच्या वर गेला तरच भरपाई.

पुतणी तेजल मोबाइल बघून म्हणाली, "काका, काल पस्तीसच दाखवतंय."

"पस्तीस? काल डांबराला चप्पल चिकटत होती."

"यंत्रावर सावली केल्यावर ते तरी काय करेल? आणि ऊन आता तीनच दिवस हाय म्हणतात."

रामजीने सहाणेकडे बघितलं. ओटी भरणाऱ्या बायांना ऊन लागू नये म्हणून यंदा मांडव त्यानेच पुढे ओढला होता. झावळ्या थेट कुंपणापलीकडे गेल्या होत्या.

पालखी बसलेली असताना मांडवाची गाठ सोडायची तर देवीचा कौल लागतो. तो बाबू गुरवाकडे गेला. बाबूने मुखवट्याला दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. डावी पडली.

"नाय म्हणते आई," बाबू म्हणाला. "घरी जा."

"तुझा पण विमा हाय ना रे?"

"हाय. सकाळीच गुपचूप विचारलंय मी. तेव्हा पण डावीच."

भर दुपारी रामजी कोयता घेऊन आला. त्याने सुंभ कापला, झावळ्या धप्पकन खाली आल्या. ओटीचं ताट धरलेल्या बाया बाजूला सरल्या. कोणी त्याला अडवलं नाही, हेच त्याला जास्त लागलं.

त्या दिवशी पारा एकोणचाळीस. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्राकडून ढग आले तेव्हा रामजी कुंपणाला धरून उभा राहिला. जे ऊन बाग जाळत होतं, तेच तो मागत होता.

"साडेसदतीस," तेजल म्हणाली. "विम्यात बसलं काका."

आजूबाजूच्या, विमा उतरलेल्या बागायतदारांनीही ऐकलं. त्याच्याकडे मात्र कोणी बघितलं नाही.

संध्याकाळी पालखी उठली. पुढच्या दांडीला खांदा रामजीच्या घराण्याचा. तो मागेच थांबला.

"लाव खांदा," बाबू हळूच म्हणाला. "तुझ्याशिवाय हलायची नाय ती."

रामजीने डोळे मिटून दांडी खांद्यावर घेतली आणि पहिलं पाऊल टाकलं. पालखी हलली. त्याने दुसरं टाकलं.